मोठ्या घरात वाय-फाय : वेगाआधी भिंतींचा विचार

दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचावर चित्रपट विनाअडथळा चालतो. मागच्या शयनगृहात मात्र साधा व्हिडिओ कॉलही दर मिनिटाला अडखळतो. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत लॅपटॉपच्या पडद्यावर वाय-फायची जेमतेम एक रेघ दिसते आणि गच्चीवरच्या खोलीत तीही नाहीशी होते. मोठ्या सदनिका, दोन सदनिका जोडून केलेली घरे, रो-हाउस आणि बंगले यांत हा अनुभव सर्रास येतो. त्यावर बहुतेक कुटुंबे योजतात तो पहिला उपाय म्हणजे इंटरनेट सेवेची अधिक वेगाची, अर्थातच अधिक महाग योजना घेणे. मासिक बिल वाढते, दिवाणखान्यातला वेगही वाढतो. शयनगृहातली स्थिती मात्र ‘जैसे थे’ राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार असतो.

याचे कारण सोपे आहे. सेवा देणारी कंपनी जो वेग विकते, तो घरात आलेल्या तारेच्या टोकाशी, म्हणजे राउटरपाशी मिळतो. तेथून पुढचा प्रवास रेडिओ लहरींचा असतो आणि तो घराच्या भिंती, स्लॅब, कपाटे व शेजाऱ्यांचे राउटर यांच्यावर अवलंबून असतो. घरात येणारा वेग आणि घरात पसरणारा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात न घेता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा आणि कार्यालये घरात आली, तेव्हा घराच्या कोणत्या कोपऱ्यात इंटरनेट पोहोचत नाही हे अनेकांना प्रथमच कळले. जाड भिंतींच्या घरात मोबाईलचा सिग्नलही आत येत नाही. तेथे वाय-फायवरून फोन करण्याची सोय उपयोगी पडते. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागली. वृद्ध आई-वडिलांची खोली बहुधा तळमजल्यावर, घराच्या शांत मागल्या बाजूस असते. ज्या खोलीतून रात्री-अपरात्री फोन लागणे सर्वाधिक आवश्यक, नेमकी तीच खोली वाय-फायच्या कक्षेबाहेर राहते.

लहरी आणि पट्टे

वाय-फाय ही कमी शक्तीची रेडिओ यंत्रणा आहे. तिचे पहिले तांत्रिक मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती राउटर प्रामुख्याने दोन पट्ट्यांत काम करतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये व्यापक प्रमाणात खुला झाला.

या दोन पट्ट्यांचे स्वभाव परस्परविरोधी आहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. त्या भिंतींतून तुलनेने बऱ्या पार होतात व दूरवर जातात. परंतु त्यांचा पट्टा अरुंद आणि गर्दीचा आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन हे सर्व याच पट्ट्यात वावरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा प्रशस्त असून त्यात वेग कितीतरी अधिक मिळतो. मात्र एखाद-दोन भिंतींतच त्याची शक्ती सरते. ‘खोलीत असताना ५, दूर असताना २.४’ हा ढोबळ नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. काही नव्या उपकरणांत ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही असतो. त्याचा पल्ला ५ गिगाहर्ट्झहूनही तोकडा आहे.

राउटरच्या खोक्यावर ‘वाय-फाय ५’, ‘वाय-फाय ६’ असे आकडे छापलेले असतात. पिढ्यांना क्रमांक देण्याची ही पद्धत २०१८ मध्ये सुरू झाली. २००९ चे मानक म्हणजे वाय-फाय ४, २०१३ चे ५ आणि २०२१ चे ६. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रे २०२४ पासून देण्यात येऊ लागली. नव्या पिढीत वेग वाढतो आणि एकाच वेळी अनेक उपकरणे सांभाळण्याची क्षमता वाढते. भिंत भेदण्याची क्षमता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे ‘नवा राउटर आणला की घरभर सिग्नल’ ही अपेक्षा बव्हंशी फोल ठरते.

अधिक अँटेनांचा, अधिक शक्तीचा राउटर घेण्यातही एक मेख आहे. वाय-फाय हा दुतर्फा संवाद आहे. राउटरने मोठ्याने हाक मारली तरी मोबाईलने दिलेले उत्तर राउटरपर्यंत पोहोचावे लागते, आणि मोबाईलची प्रक्षेपणशक्ती त्याच्या लहानशा बॅटरीला परवडेल इतकीच असते. अशा वेळी पडद्यावर रेघा भरपूर दिसतात, पण पान उघडत नाही.

घराघरांच्या भिंती

महाराष्ट्र आणि गोव्यातील घरांचे बांधकाम वाय-फायच्या दृष्टीने फारसे अनुकूल नाही. परदेशी माहितीपत्रकांत ‘एवढ्या हजार चौरस फुटांसाठी पुरेसा’ असा जो दावा असतो, तो पुष्कळदा लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंतींची घरे डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. आपल्याकडे विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि लोखंडी सळ्यांनी विणलेला काँक्रीटचा स्लॅब ही सर्वसामान्य रचना आहे.

वीट भिंतीत सिग्नलची बरीच शक्ती शोषली जाते. काँक्रीटमध्ये त्याहून अधिक. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या रुंद भिंती आणि कोकण-गोव्यातील जांभ्या दगडाची घरे यांत एकेक खोली स्वतंत्र बेटासारखी होते. पावसाळ्यात भिंतींत ओल मुरली की शोषण आणखी वाढते, कारण पाणी या लहरी शोषून घेते. मुंबई-पुण्यातील अनेक नव्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे वापरून, म्हणजे ‘मिवान’ नावाने परिचित असलेल्या पद्धतीने, आतल्या भिंतीदेखील काँक्रीटच्याच ओततात. अशा सदनिकेत तीन शयनगृहांचे क्षेत्रफळ माफक असले तरी सिग्नलची अवस्था बंगल्यासारखीच होते. सच्छिद्र हलक्या ब्लॉकच्या भिंती त्या मानाने सौम्य असतात.

भिंतींखेरीज घरातील सामानही आड येते. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा आणि दूरचित्रवाणी संच लहरी परतवतात किंवा अडवतात. मत्स्यालयातील पाणी त्या शोषते. लोखंडी सरकता दरवाजा आणि पाण्याची टाकी यांच्या आडोशाला सिग्नल क्षीण होतो.

आकडे काय सांगतात?

सिग्नलची ताकद ‘डीबीएम’ या एककात मोजतात आणि ती उणे आकड्यात लिहितात. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत सर्व कामे सुरळीत होतात. उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉलची मर्यादा मानली जाते. उणे ७५ ला संकेतस्थळे उघडतात, पण संभाषण तुटते. उणे ८० च्या पलीकडे जोडणी नाममात्र असते. आकडा १० ने घसरला म्हणजे शक्ती एक-दशांश झाली, ३ ने घसरला म्हणजे निम्मी झाली, असे समजावे.

एक ढोबळ हिशेब उद्बोधक ठरेल. १०० मिलिवॉट शक्तीचा, म्हणजे अधिक २० डीबीएमचा राउटर धरू. मोकळ्या जागेत १० मीटरवर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे उणे ४० वर येतो. वाटेत दोन वीट भिंती असल्या आणि प्रत्येकीने ८ डेसिबल खाल्ले तर तो उणे ५६ होतो. त्यानंतर एका स्लॅबचे १८ डेसिबल वजा केले की वरच्या खोलीत उणे ७४ उरतो. हाच हिशेब ५ गिगाहर्ट्झला लावला तर १० मीटरवर उणे ४७. दोन भिंतींचे प्रत्येकी १२ गेले की उणे ७१. आणि स्लॅबचे २५ वजा झाले की उणे ९६, म्हणजे जोडणी तुटलेलीच. भिंतीच्या जाडीनुसार हे आकडे बदलतील. निष्कर्ष मात्र बदलत नाही. अंतराने सिग्नल क्षीण होतो हे खरे, पण घरात त्याला खरी खीळ घालतात त्या भिंती आणि स्लॅब.

आधी निदान, मग खरेदी

कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी अर्धा तास चाचणीसाठी द्यावा. प्रथम लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तार जोडण्याची सोय नसेल तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये काही आडोसा न ठेवता, ५ गिगाहर्ट्झवर मोजावा. येथेच वेग योजनेपेक्षा फार कमी भरला तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. जुन्या राउटरला मागील बाजूस १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. अशा राउटरला ३०० एमबीपीएसची योजना जोडली तरी १०० च्या पुढे मजल जात नाही.

राउटरपाशी वेग ठीक असेल तर दोष घराच्या आतला आहे हे सिद्ध होते. मग घराचा साधा नकाशा कागदावर काढावा आणि प्रत्येक खोलीत, दार लावून, प्रत्यक्ष वापराच्या जागी उभे राहून सिग्नलचा आकडा व वेग नोंदवावा. अँड्रॉइड फोनवर सिग्नल डीबीएममध्ये दाखविणारी अनेक मोफत ॲप उपलब्ध आहेत. ही नोंद संध्याकाळी पुन्हा एकदा घ्यावी, कारण शेजाऱ्यांचे राउटर त्या वेळी सर्वाधिक व्यग्र असतात. सिग्नलचा आकडा चांगला, पण वेग संध्याकाळीच घसरतो, असे आढळल्यास आणि त्याच वेळी तारेने मोजलेला वेग कायम असल्यास कारण भिंत नसून गर्दी आहे.

गरज किती, याचाही अंदाज घ्यावा. व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस, हाय डेफिनिशन चित्रपटाला सुमारे ५ आणि ‘फोर-के’ चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. पाच जणांच्या कुटुंबाला १०० एमबीपीएसची योजना बहुधा पुरेशी असते. मागच्या खोलीत ३० एमबीपीएस सातत्याने मिळवून देणे हे दिवाणखान्यात ३०० मिळविण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

बिनखर्चाचे उपाय

पहिला उपाय राउटरची जागा बदलण्याचा. फायबरची तार जेथून घरात शिरते तेथेच, म्हणजे बहुधा दरवाजाजवळच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या कपाटामागे, राउटर बसविण्याची प्रथा पडली आहे. घराच्या एका टोकाला ठेवलेल्या राउटरचा बराचसा सिग्नल रस्त्याला आणि शेजाऱ्यांना मिळतो. राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, मोकळ्या पॅसेजमध्ये, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर असावा. कपाटात, टीव्हीमागे, फ्रीजवर किंवा विजेच्या मुख्य पेटीशेजारी तो ठेवू नये. फायबरचे उपकरण हलविण्यासाठी कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे. फायबरची तार काटकोनात दुमडली तर सिग्नल घटतो, प्रसंगी तारच तुटते. ते हलविणे शक्य नसेल तर ते जागीच ठेवून स्वतंत्र राउटर तारेने मध्यावर आणता येतो.

उभ्या अँटेनाभोवती लहरी आडव्या पसरतात. थेट वर-खाली त्या कमी जातात. एकमजली घरात सर्व अँटेना उभ्या ठेवाव्यात. दोन मजल्यांसाठी एखादी आडवी करून पाहावी. स्लॅब भेदण्यापेक्षा जिन्याची मोकळी पोकळी लहरींना सोयीची असते; म्हणून दुमजली घरात जिन्याजवळची जागा अनेकदा उपयुक्त ठरते.

दुसरा उपाय चॅनेलचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात. आसपासचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत हे ॲपमध्ये पाहून या तिघांपैकी कमी गर्दीचा निवडावा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. राउटरवरील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, हेही बिनखर्चाचेच काम आहे.

रिपीटर : उपयोग आणि मर्यादा

बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे साधन म्हणजे भिंतीवरील सॉकेटमध्ये बसणारा रिपीटर किंवा एक्स्टेंडर. तो राउटरचा सिग्नल झेलतो आणि पुढे पुन्हा प्रक्षेपित करतो. ऐकणे आणि बोलणे ही दोन्ही कामे एकाच पट्ट्यात करावी लागली तर वेग साधारण निम्मा होतो.

बसविण्याच्या जागेची चूक तर नेहमीचीच. जेथे सिग्नल येत नाही त्याच खोलीत रिपीटर लावला जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? रिपीटर स्वतः सिग्नल निर्माण करीत नाही. म्हणून तो राउटर आणि अंधाऱ्या खोलीच्या मध्ये, जेथे सिग्नल अद्याप उणे ६० ते ६५ आहे अशा जागी बसवावा. एखाद्याच खोलीत ई-मेल आणि फोनपुरती सोय हवी असेल तर तो पुरेसा ठरतो. संपूर्ण घराचा भार त्याच्यावर टाकू नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वाय-फायचा रिपीटर आणि मोबाईल सिग्नलचा ‘बूस्टर’ या भिन्न गोष्टी आहेत. परवान्याशिवाय घरात मोबाईल बूस्टर बसविणे भारतात बेकायदा असून त्यामुळे परिसरातील इतरांच्या मोबाईल सेवेत व्यत्यय येतो.

मेश यंत्रणा

‘मेश’ म्हणजे जाळे. दोन किंवा तीन सारखी उपकरणे घरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवून त्यांचे एकच जाळे विणले जाते. सर्वत्र नाव आणि पासवर्ड एकच असतो. उपकरणे आपापसांत समन्वय राखतात आणि मांडणी मोबाईलच्या ॲपवरून होते. महागड्या संचांत परस्परसंवादासाठी एक स्वतंत्र पट्टा राखीव असतो, त्यामुळे रिपीटरसारखी वेगाची घसरण टळते.

मात्र मेशची उपकरणेही एकमेकांशी त्याच लहरींतून बोलतात आणि त्याच भिंती त्यांना आड येतात. दगडी भिंतीच्या दोन बाजूंना ठेवलेली दोन उपकरणे एकमेकांना नीट ऐकू शकत नसतील तर जाळे नावापुरतेच उरते. म्हणून प्रत्येक उपकरण आधीच्या उपकरणापासून एका भिंतीपलीकडे, दोन भिंतींपलीकडे नव्हे, असे ठेवावे. अधिक उपकरणे म्हणजे अधिक चांगला सिग्नल, हाही गैरसमज आहे. गरजेपेक्षा जास्त उपकरणे एकमेकांच्या कामात व्यत्यय आणतात. दुमजली बंगल्याला प्रत्येक मजल्यावर एक, फार तर त्यात आणखी एकाची भर, एवढे बहुधा पुरते. खरेदी करताना प्रत्येक उपकरणाला तार जोडण्याचे पोर्ट आहे ना, हे अवश्य पाहावे. त्याचे कारण पुढील उपायात आहे.

खरा उपाय : बिनतारी सोयीसाठी तार

बिनतारी यंत्रणा उत्तम चालावी यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग तारेचाच आहे, हे काहीसे विरोधाभासी वाटेल. परंतु जी भिंत लहरींना अडवते ती तारेला अडवू शकत नाही. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत किंवा वरच्या मजल्यापर्यंत एक नेटवर्क केबल नेऊन तेथे दुसरे प्रक्षेपक उपकरण, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, बसविला की त्या भागाला राउटरपाशी मिळणाऱ्या वेगाच्या जवळपास जाणारा वेग मिळतो. कार्यालये, रुग्णालये आणि हॉटेले यांत हीच पद्धत वापरली जाते. मेश संचही तारेने जोडला तर त्याची कामगिरी लक्षणीय सुधारते.

यासाठी ‘कॅट ६’ प्रतीची केबल घ्यावी. १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग ती वाहून नेते. कोणत्याही घराला एवढे अंतर पुरून उरते. केबल शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करून घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. पण ती ठिसूळ असते आणि लांब अंतरावर दगा देते. केबल विजेच्या तारांच्या पाइपमधून कधीही नेऊ नये. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे आणि संकेतांतही व्यत्यय येतो. भिंती न फोडता छताच्या कडेने प्लास्टिकच्या केसिंग-पट्टीतून, फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा जिन्याच्या बाजूने तार नेता येते. नेहमीचा वायरमन हे काम एका दिवसात करू शकतो. टोकांना कनेक्टर बसविण्याचे काम मात्र नेटवर्कची माहिती असणाऱ्याकडून करून घ्यावे आणि प्रत्येक जोडणी जागीच तपासून पाहावी.

ॲक्सेस पॉइंट नवाच हवा असे नाही. घरात पडून असलेला जुना राउटर या कामी येतो. अनेक राउटरमध्ये त्यासाठी ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ दिलेला असतो. तो नसेल तर जुन्या राउटरचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या मालिकेतील न वापरलेला पत्ता द्यावा, त्यातील ‘डीएचसीपी’ सुविधा बंद करावी आणि येणारी केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टमध्ये जोडावी. घरात पत्ते वाटण्याचे काम एकाच उपकरणाने करावयाचे असते. दोघे वाटू लागले तर प्रिंटर एकाला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही, असे घोटाळे सुरू होतात.

तार नेणे सर्वथा अशक्य असेल तर घरातील वीजवाहिन्यांतूनच संदेश नेणारी ‘पॉवरलाइन’ उपकरणे हा मधला मार्ग आहे. राउटरजवळच्या आणि दूरच्या खोलीतील सॉकेटमध्ये एकेक उपकरण बसते. परंतु बंगल्यात तीन फेजची जोडणी असल्यास दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असतील तरच भरवसा धरता येतो. स्पाइक गार्ड किंवा इन्व्हर्टर मध्ये आल्यासही वेग कोसळतो. परत करण्याची मुभा असेल तरच ही उपकरणे खरेदी करावीत.

एक नाव की दोन?

दोन किंवा अधिक प्रक्षेपक उपकरणे बसविल्यावर सर्वांना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकाच प्रकारची सुरक्षा ठेवावी, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र निरनिराळे द्यावेत. खोली बदलल्यावर कोणत्या उपकरणाला जोडून घ्यायचे हा निर्णय मोबाईल स्वतः घेतो, राउटर नव्हे. काही मोबाईल दूर गेल्यावरही जुन्या जोडणीला चिकटून राहतात. हा त्रास फार होत असेल तर उपकरणांची प्रक्षेपणशक्ती वाढविण्याऐवजी मध्यम करावी. दोन वर्तुळे एकमेकांवर थोडीच चढावीत, पूर्ण नव्हे.

घरातील कॅमेरे, दिवे आणि तत्सम ‘स्मार्ट’ उपकरणांपैकी बरीचशी केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणून तो पट्टा बंद करू नये. दूरचित्रवाणी संच, संगणक अशी जागची न हलणारी उपकरणे मात्र शक्यतो तारेनेच जोडावीत. त्यामुळे हवेतील गर्दी हटते आणि तिचा लाभ मोबाईलना मिळतो.

वीज आणि सुरक्षा

उत्तम मांडणी केली आणि वीज गेली तर सारेच ठप्प होते. राउटर, फायबरचे उपकरण आणि वरच्या मजल्यावरील ॲक्सेस पॉइंट या तिन्हींना पर्यायी वीज हवी. यांपैकी एकही बंद पडले तर साखळी तुटते. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी लहान बॅटरी-संच मिळतात आणि ते काही तास पुरतात. उपकरणाचे व्होल्ट व ॲम्पिअर जुळतात का हे मात्र तपासून घ्यावे. वृद्धांच्या खोलीतील फोन वाय-फायवर अवलंबून असेल तर ही सोय ऐच्छिक मानू नये.

सिग्नल घरभर पोहोचला म्हणजे तो घराबाहेरही थोडाफार जाणारच. २००४ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए-३’ यांपैकी एक संरक्षण निवडावे. जुनी ‘डब्ल्यूईपी’ पद्धत वापरू नये. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा आणि बटण दाबून जोडणी करण्याची ‘डब्ल्यूपीएस’ सुविधा बंद ठेवावी. जुना राउटर पुन्हा वापरात आणताना ही खबरदारी विशेष घ्यावी. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नाव दिल्यास घरातील संगणक आणि कॅमेरे सुरक्षित राहतात.

नवे घर बांधताना

या सर्व खटाटोपाचा बराचसा भाग बांधकामाच्या किंवा नूतनीकरणाच्या वेळी टाळता येतो. विजेचे पाइप भिंतीत घालताना नेटवर्कसाठी एक वेगळा रिकामा पाइप प्रत्येक मजल्याच्या मध्यावर, प्रत्येक शयनगृहात आणि टीव्हीच्या जागेपर्यंत न्यावा. सर्व पाइपांची टोके एकाच ठिकाणी, हवेशीर जागी यावीत आणि तेथे विजेचे दोन-तीन सॉकेट असावेत. पॅसेजच्या छताशी एक केबल काढून ठेवली तर पुढे केबलमधूनच वीज घेणारा ॲक्सेस पॉइंट तेथे बसविता येतो व वेगळ्या सॉकेटची गरज उरत नाही. रिकाम्या पाइपला येणारा खर्च किरकोळ असतो. रंगकाम झाल्यानंतर भिंत फोडण्याचा खर्च तसा नसतो. वास्तुविशारदाशी पहिल्या बैठकीतच हा विषय काढावा.

क्रम महत्त्वाचा

थोडक्यात, प्रथम मोजमाप, मग राउटरची जागा, मग चॅनेल, त्यानंतर तार आणि तार अशक्य असेल तरच मेश, पॉवरलाइन किंवा रिपीटर, असा क्रम ठेवावा. अधिक वेगाच्या योजनेचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि तोही राउटरपाशी मोजलेला वेग खरोखरच अपुरा पडत असेल तरच. घरातील प्रत्येक चौरस फुटाला समान सिग्नल देण्याचा अट्टहासही नको. मुलांचा अभ्यास, घरून चालणारे काम आणि वृद्धांची खोली या तीन जागा आधी निश्चित कराव्यात व दुसरे उपकरण त्यांच्या जवळ न्यावे. माळ्यावर वाय-फाय नसले तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. आजोबांच्या खोलीतून मध्यरात्री फोन न लागला तर बिघडते.